चिऱ्याच्या विहिरीचे पाणी, पावसाळ्यात मरणारे मॉली आणि मुंबईहून येणारे कासव: सल्ला हवा आहे

पऱ्ह्याकाठचा (गुहागर तालुका) यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. आमचे घर समुद्रापासून थोडे आत, सड्याच्या उतारावर आहे. ओटीवर तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी काचेची टाकी ठेवली असून तिच्यात साधारण दीडशे लिटर पाणी राहते. पाणी परसातल्या चिरेबंदी विहिरीचे आहे. तळाला विकतची खडी न घालता, घराच्या बांधकामातून उरलेले चिरे फोडून केलेली जांभ्याची खडी धुऊन घातली आहे. टाकीत मॉली, गप्पी आणि दोन गोल्डफिश आहेत.

दिवाळीनंतर टाकी लावली तेव्हापासून उन्हाळा संपेपर्यंत कसलीही तक्रार नव्हती. मृगाचा पाऊस लागला आणि चित्र बदलले. मॉली पर मिटून कोपऱ्यात जागच्या जागी डोलत राहतात, खायला येत नाहीत आणि एक-दोन दिवसांत तळाशी सापडतात. गप्पींची पिल्लेही दिसेनाशी झाली. कागदी पट्टीने पाणी तपासले, तर पीएच सहाच्या खाली आणि केएच (पाण्यातील कार्बोनेटांचे प्रमाण) शून्य दाखवते. दुकानदार म्हणतात की खाण्याचा सोडा टाका; शेजारचे काका म्हणतात की चुन्याची निवळी घाला. यांपैकी काय करावे?

वनस्पतींचेही तसेच झाले आहे. व्हॅलिस्नेरियाची पाती टोकाकडून विरघळत चालली आहेत आणि जावा फर्नचे खोड काळे पडले आहे.

तिसरी गोष्ट अशी की मुंबईची बहीण तिच्या मुलांनी पाळलेले कासव गणपतीला येताना घेऊन येणार आहे. ते तळहाताएवढे, हिरव्या पाठीचे असून त्याच्या डोळ्यांमागे तांबडा पट्टा आहे. ते याच टाकीत ठेवता येईल का? घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे आहे की सरळ विहिरीत सोडावे, म्हणजे विहीरही स्वच्छ राहील. शिवाय पावसात आमच्याकडे वीज कधी जाईल आणि कधी येईल याचा नेम नसतो, हेही ध्यानात घेऊन सांगावे.

दाभोळखाडी यांचे उत्तर

सोड्याची पुडी आणि चुन्याची निवळी ही दोन्ही तूर्त टाकीपासून लांब ठेवा. तुमच्या आजच्या स्थितीत त्यांनी उरलेले मासेही एका रात्रीत जाऊ शकतात. असे का म्हणतो ते समजण्यासाठी आधी आपल्या पाण्याकडे पाहू.

जांभा हा लाखो वर्षांच्या पावसाने धुऊन निघालेला दगड आहे. मूळ खडकातील कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम हे विरघळणारे घटक केव्हाच वाहून गेले आणि मागे लोह व ॲल्युमिनियम यांची न विरघळणारी ऑक्साइडे उरली. अशा दगडातून झिरपणाऱ्या पाण्याला वाटेत क्षार फारसे मिळत नाहीत. मातीतला कार्बन डायऑक्साइड मात्र भरपूर मिळतो. त्यामुळे सड्यावरच्या विहिरींचे पाणी मृदू आणि आम्लधर्मी असते. उन्हाळ्यात तळाशी गेलेल्या पाण्यात थोडेफार क्षार साठलेले असतात, पण आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि विहीर काठोकाठ भरली की तेही अगदी विरळ होऊन जातात. तुमच्या माशांचे दुखणे मृगालाच सुरू झाले, त्याचे एक कारण हे आहे.

मॉली आणि गप्पी हे मुळात क्षारयुक्त, कठीण पाण्याचे मासे आहेत. मॉली तर खाडीच्या मचूळ पाण्यातही सुखाने राहतो. (खाडीकाठी ज्यांच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, त्यांच्याकडे मॉली उत्तम वाढतात आणि वरच्या वाडीत मात्र टिकत नाहीत, हे मी आमच्याच गावात पाहिले आहे.) पाण्यात क्षार नसले की शरीरातील क्षार राखण्यातच त्यांची शक्ती खर्च होते, पर मिटून डोलत राहणे ही त्याचीच खूण आहे.

आता केएच शून्य असण्याचा अर्थ पाहू. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. फिल्टरमधील जिवाणू त्याचे नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. या प्रक्रियेत आम्ल तयार होते आणि ते शोषून घेण्याचे काम पाण्यातील कार्बोनेट करतात. एक मिलीग्रॅम अमोनिया-नायट्रोजनामागे सुमारे सात मिलीग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटाइतकी क्षारता खर्ची पडते. तुमच्या पाण्यात ती शिल्लकच नाही. त्यामुळे पीएच घसरत जातो, आणि तो सहाच्या खाली गेला की हे जिवाणूच मंदावतात व अमोनिया साचू लागतो. एवढे होऊनही मासे लगेच मरत नाहीत, कारण आम्लधर्मी पाण्यात अमोनिया बहुतांशी अमोनियमच्या रूपात राहतो आणि ते रूप फारसे विषारी नसते. २५ अंश तापमानाला पीएच ६ असताना एकूण अमोनियापैकी विषारी भाग दहा हजारांत पाच-सहा एवढाच असतो. पीएच ८ झाला की तोच शेकडा पाचांवर जातो. म्हणजे सोडा किंवा चुना टाकून तुम्ही तासाभरात पीएच चढवलात, तर टाकीतले विष जवळजवळ शंभर पटींनी वाढते. सोडा टाकल्यावर मासे वरती येऊन तडफडू लागतात, ते याच कारणाने, आणि दोष मात्र सोड्याच्या दर्जाला दिला जातो.

तेव्हा क्रम असा ठेवा. आधी अमोनियाची चाचणी करा. दोन दिवस खाद्य बंद ठेवा. रोज साधारण दहावा हिस्सा पाणी बदला, त्याहून जास्त नको. विहिरीतून काढलेले पाणी थेट टाकीत न ओतता पिंपात भरून, त्यात हवेचा दगड (एअर पंपाला जोडलेला, बुडबुडे सोडणारा) सोडून रात्रभर ठेवा. ताज्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड उडून गेल्यावर पीएच बराच वर येतो, आणि लोह असेल तर ते तांबूस गाळाच्या रूपाने तळाशी बसते. सकाळी वरचे नितळ पाणी तेवढे घ्या.

आणखी एक प्रश्न, ज्याचे उत्तर मला सर्वात आधी हवे आहे. पावसाळ्याच्या तोंडावर ग्रामपंचायतीकडून विहिरींत टीसीएल, म्हणजे पाणी निर्जंतुक करणारी क्लोरीनची पावडर टाकली जाते. तुमच्या विहिरीत ती टाकली गेली होती का? माणसांच्या आरोग्यासाठी ते आवश्यकच आहे, परंतु त्यातील क्लोरीन माशांचे कल्ले जाळतो आणि फिल्टरमधील जिवाणूंचाही नाश करतो.

पऱ्ह्याकाठचा

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. पहिला पाऊस झाला त्याच आठवड्यात वाडीतील सगळ्या विहिरींत टीसीएल टाकली होती आणि पाण्याला वासही येत होता. त्याचा माशांशी संबंध असेल हे ध्यानात आले नव्हते. सांगितल्याप्रमाणे पिंपात हवा सोडून ठेवलेल्या पाण्याचा पीएच सकाळी पावणेसातच्या आसपास आला, मात्र केएच शून्यच आहे. टाकीतील अमोनियाची पट्टी बरीच गडद दाखवते. मॉली वाचवायचे असतील, तर कठीणपणा कशाने वाढवावा? आणि किनाऱ्यावरची वाळू किंवा पोवळ्याचे तुकडे घातले तर चालतील का?

दाभोळखाडी

म्हणजे तुमच्याकडे दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडल्या आहेत. क्लोरीनने फिल्टरमधील जिवाणू मारले आणि मृदू पाण्याने ते पुन्हा वाढू दिले नाहीत. यापुढे टीसीएल टाकल्यावर निदान काही दिवस त्या विहिरीचे पाणी टाकीत घेऊ नका. घ्यावेच लागले तर दुकानात अँटीक्लोरीन म्हणून मिळणारे सोडियम थायोसल्फेट वापरा. ते क्लोरीन काही मिनिटांत निष्प्रभ करते.

कठीणपणासाठी विकतचे काही आणायची गरज नाही. तिसऱ्यांचे किंवा कालवांचे शिंपले उकळून, घासून, उन्हात वाळवून खलबत्त्यात जाडसर फोडा आणि जाळीच्या पिशवीत भरून, जिथून पाणी वाहते अशा जागी, म्हणजे फिल्टरच्या तोंडाशी ठेवा. शिंपले म्हणजे जवळजवळ शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट. ते आम्लधर्मी पाण्यात हळूहळू विरघळते आणि पीएच साताच्या वर गेला की विरघळणे आपोआप मंदावते. चुना आणि शिंपले दोन्ही कॅल्शियमचेच, पण चुना फार तीव्र असतो आणि पीएच झपाट्याने चढवतो, आणि माशांना मारतो तो हा वेग. सुरुवातीला दीडशे लिटरला दोन मुठी पुरेत. परंतु अमोनियाची पट्टी जवळजवळ कोरी दिसेपर्यंत रोजचे पाणी बदलणे चालू ठेवा आणि मगच पिशवी सोडा.

किनाऱ्यावरची वाळू नको. तिच्यातील मीठ आणि शिंपल्यांचा चुरा दोन्ही किती आहेत याचा अंदाज येत नाही, आणि पुढे वनस्पतींनाही ती मानवत नाही. पोवळ्यांना तर हातच लावू नका. प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे सर्वोच्च संरक्षण असून वाहून आलेला मेलेला तुकडा उचलणेही त्यात येते.

माझे वैयक्तिक मत विचाराल, तर उरलेले मॉली आणि गप्पी खाडीकाठच्या एखाद्या स्नेह्याला द्यावेत आणि आपल्या विहिरीला शोभतील असे मासे पाळावेत. रासबोरा, टेट्रा, गुरामी, लहान बार्ब हे सगळे मृदू पाण्याचे मासे आहेत. त्यांना तुमचे पाणी जवळजवळ आहे तसे चालेल. शिंपल्यांची एखादी लहान पिशवी केएच एक-दोनवर धरून ठेवण्यापुरती पुरते, म्हणजे पीएच एकाएकी कोसळत नाही. गोल्डफिशही या टाकीत नसावेत. त्यांची घाण पुष्कळ, वाढ मोठी आणि त्यांना पाणी गार लागते; आपल्या मे महिन्यात टाकीचे पाणी सहज तिशी ओलांडते.

शेवंती_रत्नागिरी यांचे उत्तर

पाण्याबद्दल वर जे सांगितले आहे त्यात मला भर घालायची नाही, वनस्पतींबद्दल लिहिते.

दादा, तुमचा व्हॅलिस्नेरिया आणि तुमचे मॉली एकाच दुखण्याने आजारी आहेत. व्हॅलिस्नेरियाला कठीण पाणी आवडते, आणि मृदू, आम्लधर्मी पाण्यात तो असाच टोकाकडून विरघळत जातो. जावा फर्नचे कारण वेगळे असावे. त्याचे आडवे खोड खडीत पुरले तर ते हमखास कुजते. खोड बाहेर काढा, काळा भाग धारदार ब्लेडने कापून टाका आणि उरलेला हिरवा भाग जांभ्याच्या एखाद्या खडबडीत तुकड्यावर सुती दोऱ्याने सैलसर बांधा. जांभ्याच्या भोकांत त्याची मुळे इतकी घट्ट धरतात की दोरा कुजून गेला तरी रोप हलत नाही. अनुबियास या वनस्पतीलाही हीच पद्धत लागू पडते.

परदेशातील हौशी लोक जांभ्याची माती पाकिटातून विकत घेऊन टाकीच्या तळाशी घालतात, हे वाचून तुम्हाला गंमत वाटेल. कारण आहे तिच्यातील लोह. आपल्याकडे ती पायाखाली आहे, पण वापरायची रीत आहे. चाळलेली तांबडी माती पाणी निवळेपर्यंत धुवावी, नदीच्या जाड वाळूत मिसळून तिचा दोन बोटे जाडीचा थर तळाशी द्यावा आणि त्यावर नुसत्या धुतलेल्या वाळूचा तीन-चार बोटांचा थर पसरावा. वरचा थर पातळ राहिला, तर रोप उपटताना सगळी टाकी गेरूच्या पाण्यासारखी होते. तुमच्या फोडलेल्या चिऱ्यांची नुसती खडी मुळांना धरायला फार जाड पडते, आणि तिच्या फटींत उरलेले खाद्य जाऊन कुजते.

मात्र जांभ्यात लोह असले तरी पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि कॅल्शियम नाही. जुन्या पानांना टाचणीने टोचल्यासारखी भोके पडू लागली तर पोटॅशियम कमी आहे असे समजावे. कोवळी पाने पांढरट पिवळी निघाली तर लोह पोचत नाही, आणि ती वेडीवाकडी, आखूड निघाली तर बहुधा कॅल्शियमची उणीव असते. पोटॅशियमसाठी आंबा बागायतदार वापरतात ते शून्य-शून्य-पन्नास, म्हणजे पोटॅशियम सल्फेट, कृषी सेवा केंद्रात सुटे मिळते. शंभर लिटरला एक ग्रॅम घातले की लिटरमागे सुमारे चार मिलीग्रॅम पोटॅशियम मिळते. आठवड्यातून एकदा, पाणी बदलल्यावर, तेवढे पुरेसे आहे. मॅग्नेशियमसाठी एप्सम सॉल्ट त्याच मापाने घालावे. युरिया आणि सुफला या रासायनिक खतांच्या वाटेला चुकूनही जाऊ नये, कारण त्यांतून अमोनिया तयार होतो.

तुमच्या पाण्यासाठी मी क्रिप्टोकोरिन सुचवेन. तिच्या काही जाती आपल्याच सह्याद्रीच्या ओढ्यांत वाढतात, त्यामुळे मृदू पाणी तिला परके नाही. नवीन लावल्यावर तिची सगळी पाने विरघळतात आणि लोक मेली म्हणून फेकून देतात. मुळे शाबूत असतील तर काही आठवड्यांत नवी पाने येतात. रोपे रोपवाटिकेतली किंवा दुसऱ्या हौशी माणसाकडची घ्यावीत. ओढ्यातली उपटून आणू नयेत, कारण यांतील काही वनस्पती फार थोड्या ठिकाणी उरल्या आहेत.

दिव्याबद्दल एवढेच सांगते की पावसाळी अंधार भरून काढायला म्हणून तो दिवसभर लावू नका. रोज ठरावीक सात तास पुरेत. त्यापुढचा उजेड शेवाळाच्या पदरात पडतो.

कासववाला_अलिबाग यांचे उत्तर

डोळ्यांमागे तांबडा पट्टा आणि हिरवी पाठ म्हणजे ते लाल कानाचे कासव आहे, ज्याला दुकानात रेड इअर्ड स्लायडर म्हणतात. ते मूळचे अमेरिकेतले. ते माशांच्या टाकीत ठेवू नका. एक तर ते मासे खाईल, दुसरे म्हणजे त्याची घाण त्या फिल्टरला झेपणार नाही.

विहिरीत तर मुळीच सोडू नका. विहिरीत कासव असावे ही आपल्याकडची जुनी समजूत आहे, पण चिरेबंदी विहिरीत त्याला उन्हात बसायला कोरडी जागा नसते. ते पोहून पोहून थकते, त्याची पाठ कुजते, आणि पिण्याच्या पाण्यात त्याची विष्ठा पडते ती वेगळीच. पऱ्ह्यात (ओढ्यात) किंवा देवळाच्या तळीत सोडणे त्याहून वाईट. हे कासव जगातील शंभर सर्वात उपद्रवी परकीय प्रजातींच्या यादीत आहे. ते आपल्या मातीतल्या कासवांच्या अन्नावर आणि बसण्याच्या जागांवर हक्क सांगते व सोबत रोगही नेते.

आता उलट बाजू. कोणी तुम्हाला मऊ पाठीचे, मागच्या पायांवर झडपा असलेले इथले कासव किंवा पाठीवर चांदण्या असलेले तारा कासव आणून दिले, तर ते घरात ठेवू नका. ही दोन्ही वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत आणि ती बाळगणे हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे. असे कासव सापडल्यास वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. दुकानदाराच्या ‘सगळे पाळतात’ या उत्तरावर विसंबू नये.

स्लायडर ठेवायचेच असेल, तर आधी हे जाणून घ्या की मादी एक फुटापर्यंत वाढते आणि नीट सांभाळले तर वीस-तीस वर्षे जगते. काचेची टाकी काही काळापुरतीच पुरेल. आपल्या हवेला उत्तम म्हणजे परसात सिमेंटचा हौद. त्याला खाली बूच हवे, म्हणजे पाणी सहज सोडता येते. अर्ध्या भागावर सावली हवी आणि एका बाजूला पाण्यातून चढता येईल असा जांभ्याचा उतरता चौथरा हवा. आपल्याकडे थंडी एवढी पडत नाही की पाणी तापवावे लागावे. वरून मात्र लोखंडी जाळी घट्ट बसवा, कारण मुंगूस, घोरपड, कावळे आणि कुत्री यांपैकी कोणाची तरी नजर त्याच्यावर पडणारच. हौदाचे पाणी पऱ्ह्यात न सोडता माडांच्या आळ्यात सोडा. त्यांना ते खतासारखे लागू पडते.

अडचण पावसाळ्याची आहे. कासवाच्या पाठीत कॅल्शियम बसण्यासाठी ड जीवनसत्त्व लागते, ते उन्हातील अतिनील किरणांमुळे तयार होते, आणि आपल्याकडे आषाढात दिवसेंदिवस ऊन दिसत नाही. खिडकीच्या काचेतून आलेल्या उजेडाचा उपयोग नाही, कारण काच हे किरण अडवते. म्हणून पावसाळ्यापुरती बसण्याच्या जागेवर, एक फुटाच्या आसपास उंचीवर, सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी मिळणारी यूव्हीबी नळी लावा आणि शेजारी उबेसाठी साधा दिवा लावून ती जागा तीस ते पस्तीस अंशांवर ठेवा. नळी पेटत राहिली तरी तिचे किरण कमी होत जातात, म्हणून ती उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत, साधारणपणे दर सहा महिन्यांनी ते वर्षाने, बदलावी. पावसात, ओल्या जागी आणि पाण्यावर वीज खेळवायची असल्याने त्या जोडणीवर ईएलसीबी (वीज गळू लागताच प्रवाह तोडणारा स्विच) बसवल्याशिवाय दिवा लावू नका.

खाद्याच्या बाबतीत लोक सुक्या जवळ्यावर वर्षानुवर्षे काढतात आणि मग कासवाचे डोळे सुजून मिटले की विचारायला येतात. डोळे सुजणे हे बहुधा अ जीवनसत्त्वाच्या अभावाचे लक्षण असते. मुख्य खाद्य चांगल्या गोळ्यांचे ठेवा. सोबत गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला द्या आणि अधूनमधून काट्यासकट ताजा लहान मासा द्या. जवळा द्यायचाच तर धुऊन, चवीपुरता. कॅल्शियमसाठी किनाऱ्यावर वाहून येणारा समुद्रफेस, म्हणजे माकुलाचे पांढरे हाड, उत्तम. तो गोड्या पाण्यात चार-पाच दिवस, रोज पाणी बदलत भिजवावा, वाळवावा, पाठीचे टणक कवच सोलून टाकावे आणि उरलेला मऊ पांढरा भाग हौदात तरंगत ठेवावा. कासव त्याला हवे तेव्हा कुरतडते.

कासव पाण्यात एका बाजूला कलून पोहू लागले किंवा तोंड उघडून श्वास घेऊ लागले, तर तो फुफ्फुसांचा आजार समजून पशुवैद्याकडे न्यावे; घरगुती उपायांत दिवस घालवू नयेत. हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत आणि पाच वर्षांखालील मुलांच्या हाती ते देऊ नये. या कासवांतून साल्मोनेला या जिवाणूचा संसर्ग होतो, आणि त्याच कारणाने अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांपेक्षा लहान कासवांच्या विक्रीवर बंदी आहे. तुमच्या बहिणीला हे सर्व गणपतीपूर्वी कळवलेत, तर हौद बांधून होईपर्यंत कासव मुंबईतच राहील.

वहाळातला_मालवण यांचे उत्तर

वीज आणि इथले मासे या दोन गोष्टींवर लिहितो.

वीज गेल्यावर मासे उपाशी राहून मरत नाहीत, ते प्राणवायूअभावी मरतात. म्हणून वीज गेली की खाद्य बंद करावे. आठवडाभर न खाल्ल्याने धडधाकट माशाला काही होत नाही. यूएसबीवर चालणारा लहान एअर पंप आणि भरलेली पॉवर बँक टाकीशेजारी कायम ठेवावी. तेही संपले तर तांब्याने टाकीतलेच पाणी काढून वीतभर उंचीवरून पुन्हा ओतावे, दर तासाला पाच-दहा मिनिटे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर मंडणगड-दापोलीकडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. अशा वेळी कोणतेही यंत्र पुरत नाही, टाकीत मासे मुळातच कमी असणे हाच उपाय उरतो. तुमच्या टाकीत बोटाएवढे दहा-बारा मासे आणि भरपूर वनस्पती असतील तर पहिले दोन दिवस निभावतात. एक गोष्ट मात्र विसरू नका. बंद डब्याचा फिल्टर काही तास थांबला की आतले जिवाणू गुदमरून मरतात आणि पाणी सडते, आणि वीज आल्यावर तो तसाच सुरू झाला तर ती सगळी घाण टाकीत येते. म्हणून वीज जाताच फिल्टरचा स्पंज काढून टाकीच्या पाण्यातच हवेच्या दगडाजवळ ठेवावा आणि फिल्टरचे बटण बंद करून ठेवावे, म्हणजे मध्यरात्री वीज आली तरी तो आपोआप चालू होणार नाही.

माशांच्या बाबतीत दाभोळखाडी यांचे म्हणणे मला पटते, फक्त मी एक पाऊल पुढे जाईन. तुमच्या पऱ्ह्यातल्या पाण्यात जे मासे पिढ्यान्‌पिढ्या राहतात त्यांच्याहून तुमच्या विहिरीला योग्य दुसरे कोणते असणार? पाठीच्या परावर लांब धाग्यांसारखे तंतू येणारा फिलामेंट बार्ब, अंगावर निळ्या-पिवळ्या रेघा असलेला डॅनिओ आणि वरच्या थरात स्थिर राहून डोक्यावरचा चमकदार ठिपका दाखवणारा पट्टेरी किलीफिश, हे तिन्ही इकडे आढळतात. फिलामेंट बार्ब पूर्ण वाढीला आला की त्याचे तंतू खरे खुलतात. तो कळपाने राहणारा असल्याने सहा तरी ठेवावेत, आणि तुमच्या टाकीत सहापेक्षा जास्त नकोत. डॅनिओ उड्या मारतो, त्यामुळे झाकण लागेल. किलीफिशला तोंडात मावेल तो मासा खाण्याची सवय आहे.

आणायचे ते मोजकेच, लहान आकाराचे आणि ओढा वाहता असताना आणावेत. उन्हाळ्यात आटलेल्या डोहातून मासे उचलू नयेत, कारण पुढच्या पावसाची वीण त्यांच्यावरच अवलंबून असते. आणल्यावर दोन-तीन आठवडे वेगळ्या टबात ठेवून अंगावर पांढरे ठिपके किंवा दोऱ्यासारखे परजीवी दिसतात का ते पाहावे, आणि मगच टाकीत सोडावे. मॉली, गप्पी आणि गोल्डफिश नको झाले म्हणून पऱ्ह्यात सोडू नका. गप्पी डासांसाठी आधीच ठिकठिकाणी सोडले गेले आहेत, त्यांत आणखी भर नको.

तुमच्या टाकीत क्लोरीनचा मार बसलेला असल्याने फिल्टर नव्याने तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतील असे धरून चाला. ओळखीच्या कोणाच्या निरोगी टाकीतला जुना स्पंज मिळाला आणि तो ओला ठेवूनच आणून तुमच्या फिल्टरात पिळला, तर हा काळ बराच कमी होतो. तोवर नवा मासा आणू नये, आणि अमोनिया व नायट्राइट या दोन्ही पट्ट्या सलग आठवडाभर कोऱ्या दिसल्यावर पहिले तीन-चार बार्ब सोडावेत.